२४ मेगापिक्सेल असूनही फोटो दाणेदार का? (आयएसओ, रिझोल्यूशन आणि आपल्याकडचा उजेड)

घंटाळी | शनिवार, सकाळी ९.४०

कॅमेरा एकच. २४ मेगापिक्सेल, क्रॉप सेन्सर (जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान), सोबत १८-५५ किट लेन्स आणि ७०-३०० टेली. सगळे फोटो जेपेगमध्ये, साइझ लार्ज, क्वालिटी नॉर्मल. तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी बिघडतायत, म्हणून तिन्हींची सेटिंग्ज देतेय, या क्रमाने: फोकल लेंथ, अपर्चर (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी), शटर (सेकंदात) आणि आयएसओ (फोटो किती उजळवायचा तो आकडा).

एक: नौपाड्यातला हॉल, बारसं. ५५ मिमी, एफ ५.६, १/६०, आयएसओ ६४००. चेहऱ्यावर रंगीत दाणे, आणि केस मेणाचे असावेत तसे.

दोन: ऐरोलीहून खाडीतली फ्लेमिंगो बोट, सकाळचं ऊन. ३०० मिमी, एफ ५.६, १/५००, आयएसओ १००. दाणे अजिबात नाहीत, पण पक्षी मऊ. क्रॉप केला की फाटतो.

तीन: तलावपाळी, रात्री, हातात धरून. १८ मिमी, एफ ३.५, १/१५, आयएसओ ३२००. दिवे जळलेत आणि पाण्यात नुसती वाळू.

प्रश्न तीन. ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर हे सुटेल का? आयएसओ १०० वरच ठेवून नंतर फोटो उजळवला तर? आणि मंडळाला यातलाच एक फोटो १० बाय ८ फुटी फ्लेक्सवर हवाय, तो फाटेल का?

खाडीकाठ | शनिवार, सकाळी १०.१५

घंटाळीताई, दोन नंबरपासून सुरुवात करतो, कारण तिथे आयएसओ वाचवलाय आणि फोटो घालवलाय.

३०० मिमी गुणिले क्रॉपचे १.५ म्हणजे ४५०. ‘एक भागिले फोकल लेंथ’ हा जुना हिशेब लावला तर १/५०० जेमतेम पास होतो. पण तो हिशेब जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा आणि फिल्मच्या काळातला. इथे बोट डुलतेय, इंजिनाची थरथर कोपरातून कॅमेऱ्यात येतेय, पक्षी पंख मारतोय. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल असतो सुमारे ३.९ मायक्रॉनचा. चित्र सेन्सरवर दोन-तीन पिक्सेल सरकलं तरी शंभर टक्के झूमवर ते मऊपणा म्हणून दिसतं. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, फ्लेमिंगोचे पंख नाही.

त्याच उजेडात लावा: एफ ८, १/२०००, आयएसओ ८००. अपर्चर एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) बंद, शटर दोन स्टॉप जलद, आयएसओ तीन स्टॉप वर. एक्स्पोजर तेच राहतं. एफ ८ अशासाठी की ७०-३०० जातीच्या बहुतेक लेन्सा ३०० मिमीला पूर्ण उघड्या असल्या की मऊ पडतात, एक स्टॉप बंद केल्या की सावरतात. आयएसओ ८०० चे दाणे या सेन्सरवर चांगल्या उजेडात शोधावे लागतात. हललेला पक्षी शोधावा लागत नाही.

आता फाटण्याचं. लेसर फ्लेमिंगो उभा असतो साधारण ८०-९० सेंटिमीटर. ९० धरू. १०० मीटरवरून ३०० मिमीने त्याची सेन्सरवरची प्रतिमा होते २.७ मिलिमीटर. ३.९ मायक्रॉनने भागा: डोक्यापासून पायापर्यंत सुमारे ७०० पिक्सेल. फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेल, आखूड बाजू ४०००, आणि पक्ष्याच्या वाट्याला ७००. प्रिंटला ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर सव्वादोन इंचांचा पक्षी. बाकीचे मेगापिक्सेल चिखलावर खर्च झालेत.

हे अंतराचं गणित आहे. अंतर निम्मं केलं की ७०० चे १४०० होतात, आणि त्याला नवा कॅमेरा लागत नाही. भरतीचं वेळापत्रक बघा. चिखल उघडा असतो तेव्हा पक्षी लांबवर पसरून चरतात आणि बोटीला तिकडे जाता येत नाही. खाडी भरली की बरेचसे सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. तिथे काठावर, पाय जमिनीवर ठेवून काम होतं. फक्त त्यांना उडवायला जाऊ नका.

आणि दहा-साडेदहानंतर खाडीवरची हवा तापून थरथरायला लागते. मग ६०० मिमी लावा नाहीतर १०० मेगापिक्सेल, मधली हवाच वितळलेली असते. लांबचा पक्षी मऊच येणार.

दाणेदार | शनिवार, सकाळी ११.०५

एक नंबर मी घेतो.

सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की आयएसओ वाढवला की दाणे ‘येतात’. उलट आहे. आयएसओने सेन्सर जास्त संवेदनशील होत नाही. जितका प्रकाश आला तितकाच आला, आयएसओ तो नंतर वाढवून दाखवतो. दाणे प्रकाश कमी पडल्याचे असतात.

ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेआठला दर मिनिटाला माणसं मोजा. आकडा दर मिनिटाला थोडा बदलेल, पण गर्दी ‘सारखीच’ वाटेल. तेच रात्री शेवटच्या गाडीनंतर मोजा: एका मिनिटात पाच, पुढच्यात एक, मग शून्य, मग चार. प्रकाशकण असेच येतात, सुटे सुटे. सरासरी १०,००० कण पडणाऱ्या पिक्सेलमध्ये चढउतार असतो वर्गमुळाइतका, म्हणजे १००. एक टक्का, डोळ्याला कळत नाही. सरासरी १०० कण पडले तर चढउतार १०, म्हणजे दहा टक्के. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये दहा टक्क्यांचा फरक म्हणजेच तुमची वाळू. त्यावर आयएसओ १०० च्या ६४ पट वाढवलेलं चित्र बघताय, म्हणून ती दिसते.

हॉलमध्ये प्रकाश कुठे अडला ते बघा. ५५ मिमीला किट लेन्स एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. तिथे ५० मिमी एफ १.८ लावली तर सव्वातीन स्टॉप जास्त प्रकाश आत येतो. तोच हॉल, तोच १/६०, आणि आयएसओ ६४०० ऐवजी ८०० च्याही खाली. प्रत्यक्षात एफ २.२ वर राहा, नाहीतर एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर. शटर १/१००. आयएसओ १६०० च्या आसपास बसेल आणि माणसं हलणारही नाहीत.

मेणाचे केस हा वेगळा आजार. कॅमेरा जेपेग बनवताना दाणे पुसतो, त्यात केसही पुसले जातात. मेनूत हाय आयएसओ नॉइज रिडक्शन असतं, ते ‘लो’ करा. रॉ (सेन्सरची कच्ची, न पुसलेली फाइल) काढत असाल तर त्या सेटिंगचा रॉ फाइलवर परिणाम होत नाही, तेव्हा त्याची चिंता नको.

अवांतर: आयएसओचा आकडा फिल्मचा वारसा. अमेरिकन एएसए आणि जर्मन डिन या दोन मापांची मोट १९७४ मध्ये बांधली गेली. फिल्मला रोल बदलल्याशिवाय आयएसओ बदलता येत नव्हता, म्हणून लोक उजेडाकडे बघायला शिकले. आता डायल आहे, उजेडाकडे बघणं सुटलं.

सानपाडा१३ | शनिवार, दुपारी १२.२०

स्टेशनच्या पुलावरचं उदाहरण भारी.

पण मग ताईंचा दुसरा प्रश्न बरोबरच ठरतो ना? दाणे प्रकाशाचे, आयएसओचे नाहीत, तर १०० वर लॉक करायचं, हवं तेव्हा लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पोजर ओढायचं. यूट्यूबवर ‘आयएसओ इन्व्हेरियंट’ म्हणून हेच सांगतात.

रॉ_रोटी | शनिवार, दुपारी १.३५

अर्धं खरं, आणि जेपेगवाल्यांसाठी पूर्ण खोटं.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये १६,३८४. पाच स्टॉप अंडर (म्हणजे काळोखा) काढलेला जेपेग उजळवला की सावलीत शिल्लक असलेल्या मूठभर पायऱ्या ताणल्या जातात. दाणे बाजूलाच, आधी पट्टे पडतात आणि कातडी हिरवट-जांभळी होते. ताई जेपेग काढतायत. त्यांनी हे करू नये.

रॉ काढणाऱ्यांनी स्वतःच्या बॉडीवर तपासावं, अर्ध्या तासाचं काम आहे. रात्री घरात एकच दिवा. टेबलावर वर्तमानपत्राचं बारीक अक्षर, काळ्या छत्रीचं कापड, एखादा मसाल्याचा रंगीत पुडा आणि स्टीलचा डबा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरवून टाका. एफ ५.६ ठेवा, शटर असं निवडा की ३२०० ला एक्स्पोजर बरोबर येईल. मग शटर-अपर्चरला हात न लावता १६००, ८००, ४००, २००, १०० वर एकेक फोटो. सॉफ्टवेअरमध्ये अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, पाच स्टॉप उजळवा आणि छत्रीचं कापड शेजारी शेजारी ठेवून बघा.

सगळे सारखे दिसले तर तुमचा सेन्सर इन्व्हेरियंट. १०० आणि २०० वाले घाण आणि ८०० पासून पुढे सारखे, असं दिसलं तर ८०० पर्यंत आयएसओ कॅमेऱ्यातच वाढवायचा, त्यापुढे वाढवून फायदा नाही. प्रकाशकणांच्या दाण्यांशिवाय कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचाही स्वतःचा थोडा गोंगाट असतो, तो किती आणि साखळीत कुठे मिसळतो यावर हे ठरतं. बऱ्याच नव्या सेन्सरमध्ये दोन गेन (सिग्नल वाढवायच्या दोन पायऱ्या) असतात. सोनी ए७ मार्क ३ मध्ये ६४० ला गेन बदलतो, त्यामुळे सावल्या ५०० पेक्षा ६४० ला स्वच्छ मिळतात. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे.

मग फायदा कुठे? हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, वाचवायला. नाटकाचा स्पॉट, आरतीची ज्योत, हॅलोजनखाली चमकणारी जरी. आयएसओ एक स्टॉप वाढवला की जळण्याआधीची जागा एक स्टॉप कमी होते. तीन नंबरच्या फोटोत दिवे जळले, त्याला हेही एक कारण.

दोन सापळे आहेत, तेही सांगून ठेवतो. आयएसओच्या यादीत ‘एल’ किंवा ‘लो’ असं ५० दिसतं. तो खरा आयएसओ नाही. १०० वर ओव्हर काढून खाली ओढलेला असतो, वरची एक स्टॉप जागा जाते. ‘एच’ म्हणजे सॉफ्टवेअरने ओढलेला. दुसरं: कॅननवाल्यांचा आयएसओ २०० च्या खाली जातच नसेल आणि ‘डी प्लस’ दिसत असेल, तर हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू आहे. ती एक स्टॉप अंडर काढून मधले टोन वर उचलते, त्यामुळे सावलीत दाणे. मेनूत जाऊन बंद करा, १०० परत मिळेल.

सानपाडा१३ | शनिवार, दुपारी १.५०

‘डी प्लस’!! मित्राच्या बॉडीवर हेच आहे, सेन्सर गेला म्हणत होता. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

पामबीच | शनिवार, दुपारी ३.१०

४५ मेगापिक्सेलचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

२४ वरून ४५ म्हणजे जवळपास दुप्पट वाटतं. पण तपशील मोजायचा तो लांबीत, आणि लांबीत वाढ वर्गमुळाने होते. ६००० पिक्सेलचे सुमारे ८२०० होतात. ३७ टक्के. लांबीत खरोखर दुप्पट तपशील हवा तर २४ चे ९६ लागतील. त्यातही लेन्स, फोकस, शटर सगळं जुळलं तर. ताईंच्या तिन्ही फोटोंत अडचण पिक्सेलांची नाहीच.

आता उलट बाजूची अफवा: ‘जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त दाणे’. सेन्सरचा आकार तोच असेल तर पूर्ण फोटो एकाच मापात छापल्यावर फरक फारच थोडा पडतो. शंभर टक्के झूम करून बघता तेव्हा ४५ वाल्याचा तुकडा लहान असतो, त्यावर प्रकाश कमी पडलेला असतो, म्हणून तो घाण दिसतो. त्याच फोटोचे चार-चार पिक्सेल एकत्र केले की दाणे निम्मे होतात. तुलना करायची तर दोन्ही ८ बाय १२ इंच छापा आणि हातभर अंतरावरून बघा. ८ बाय १२ ला ३०० पीपीआयने लागतात २४०० गुणिले ३६००, पावणेनऊ मेगापिक्सेलही नाहीत. १२ बाय १८ ला साडेएकोणीस. फोरके टीव्हीला ८.३.

दाण्यांत खरा फरक पडतो सेन्सरच्या आकाराने. क्रॉप सेन्सरचं क्षेत्रफळ ३६६ चौरस मिलिमीटरच्या आसपास, फुल फ्रेमचं (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचं) ८६४. तोच एफ नंबर, तोच शटर, तर सव्वा स्टॉप जास्त प्रकाश गोळा होतो. बस, सव्वा स्टॉप. किट लेन्स काढून ५० मिमी लावली की सव्वातीन. पैसे कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा.

आणि क्रॉप करणाऱ्यांनो: फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला की २४ चे ६ मेगापिक्सेल राहतात एवढंच नव्हे, दाणेही दोन स्टॉपने वाढल्यासारखे दिसतात, कारण तुम्ही सेन्सरचा पाव भागच वापरलात. फ्लेमिंगोचा आयएसओ ८०० स्वच्छ, पण पाव फ्रेमवर कापलात तर तो ३२०० सारखा वागेल.

एफ १६, एफ २२ लावून ‘सगळं शार्प’ करायला जाणाऱ्यांसाठी: एफ १६ ला विवर्तनामुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा एक ठिपका २१ मायक्रॉन व्यासाचा होतो. तुमचा पिक्सेल ३.९. एफ ८ ला तोच ठिपका सुमारे ११. क्रॉप सेन्सरवर लँडस्केपला एफ ८ फार तर एफ ११, त्यापुढे मेगापिक्सेल वाया.

खाडीकाठ | शनिवार, दुपारी ३.३०

पाव फ्रेमच्या मुद्द्याशी सहमत, मी लिहायला हवं होतं. म्हणूनच आधी जवळ जा, मग मोठी लेन्स, मग क्रॉप.

एक राहिलं. फ्लेमिंगोचा गुलाबी आणि पंखाखालचा लाल उन्हात फसवतो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो आणि लाल चॅनल जळलेला असतो. मग पंख प्लास्टिकच्या फुलासारखा सपाट. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकला तर एक्स्पोजर २/३ स्टॉप कमी करा.

उपवन_सकाळ | शनिवार, संध्याकाळी ५.४५

तलावपाळीला ट्रायपॉड. दुसरं उत्तर नाही.

कठड्यालगत पण कठड्यावर नाही, कारण रस्त्यावरून बस गेली की तो थरथरतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही. आयएसओ १००, एफ ८, पहिला फोटो ८ सेकंदांवर, मग बघून कमी-जास्त. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का शमतो. स्टॅबिलायझेशन बंद, काही लेन्सा ट्रायपॉडवर नसलेला धक्का शोधत बसतात. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट झूम करून एखाद्या दूरच्या दिव्यावर, मग मॅन्युअलला टाका. पाणी गुळगुळीत येईल, वाळू जाईल.

दिवे तरीही जळतात, कारण बल्ब आणि काळं पाणी यांतला फरक कुठल्याच सेन्सरला झेपत नाही. म्हणून काळोख व्हायच्या आधी जा. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटं आकाश निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. त्या वेळात एकाच फोटोत दोन्ही बसतं. रात्री नऊला एचडीआरची (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडण्याची) खटपट करण्यापेक्षा सात वाजता पोहोचणं सोपं.

मे महिन्यात ३० सेकंदांचे फोटो काढलेत तर पाण्यात लाल-निळे ठिपके दिसतील, एकेकटे, प्रत्येक फोटोत त्याच जागी. ते आयएसओचे दाणे नव्हेत, तापलेल्या सेन्सरचे हॉट पिक्सेल. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं की कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढाच वेळ दुसरा फोटो काढतो आणि वजा करतो. म्हणजे ३० सेकंदांनंतर आणखी ३० सेकंद कॅमेरा ‘अडकतो’. बंद पडला समजून बॅटरी काढू नका.

फ्लेक्स_आणि_फ्रेम | शनिवार, रात्री ८.२५

दहा बाय आठचा फ्लेक्स. डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढंच वेगळं दिसतं. तीन मीटरवरून ते होतं पाऊण-एक मिलिमीटर. म्हणजे इंचाला साधारण ३० पिक्सेल पुरे. १० फूट म्हणजे १२० इंच, गुणिले ३०, ३६०० पिक्सेल. ८ फूट म्हणजे ९६ इंच, २८८० पिक्सेल. दहा मेगापिक्सेलच्या जरा वर. फ्लेक्स खांबावर वर बांधणार असाल तर अंतर आणखी वाढतं, आणखी कमीही चालतील. तुमचे २४ भरपूर.

फाटतो तो इतर कारणांनी. मंडळाचा कार्यकर्ता व्हॉट्सअॅपवर फोटो मागतो, तुम्ही पाठवता, आणि ६००० चा फोटो दीड-दोन हजार पिक्सेलवर येतो, वर कॉम्प्रेशन. तो १० फुटांवर ताणला की इंचाला १३ ते १७ पिक्सेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. दुसरं, कोणीतरी कॅमेऱ्यात साइझ ‘एस’ करून ठेवलेला असतो. तो ३००० गुणिले २००० च्या आसपास, म्हणजे सहाच मेगापिक्सेल, आणि नंतर परत येत नाहीत. कार्ड भरलंय म्हणून साइझ कमी करू नका, दुसरं कार्ड घ्या. क्वालिटीही नॉर्मलवरून फाइनवर आणा. निकॉनमध्ये फाइन साधारण एकास चार, नॉर्मल एकास आठ, बेसिक एकास सोळा इतकं दाबतं. दाणेदार फोटोत हे जास्त जाणवतं, कारण दाणा म्हणजे जेपेगच्या दृष्टीने तपशीलच. तो दाबायला गेलं की चौकोनी डाग पडतात.

आणि डिझायनर म्हणाला ‘फोटो ७२ डीपीआयचा आहे, ३०० करून द्या’, तर घाबरू नका. ती फाइलवरची नुसती चिठ्ठी. ६००० गुणिले ४००० आहेत ना, मग ७२ लिहा नाहीतर ३००, पिक्सेल तेच.

बारशाचा आयएसओ ६४०० वालाही फ्लेक्सवर चालेल बरं का. त्या अंतरावरून दाणा दिसत नाही. रंगीत डाग मात्र दिसतात, तेवढे आधी काढा.

घंटाळी | शनिवार, रात्री ९.१०

हे सोन्यासारखं. रंगीत डाग कसे काढायचे? आणि मुलाच्या २०० मेगापिक्सेलच्या मोबाइलने हेच फोटो बरे येतात, ते कसं?

रॉ_रोटी | शनिवार, रात्री ९.५५

आधी रॉ अधिक जेपेग चालू करा. लाइटरूममध्ये नॉइजच्या दोन पट्ट्या: ल्युमिनन्स (उजेडाचे दाणे) आणि कलर (रंगीत दाणे). रॉ उघडल्यावर कलर मुळातच २५ वर असतो, फारच रंगीत असेल तर ४०-५०. त्यापुढे ओठांचा आणि कुंकवाचा रंग कातडीत पसरतो, लक्ष ठेवा. ल्युमिनन्स २०-३० वर थांबा. बारीक, एकरंगी दाणा डोळ्याला खटकत नाही, प्रिंटमध्ये तर कागद गिळून टाकतो. शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि मास्किंग (शार्पनिंग फक्त कडांवर ठेवणारी पट्टी) वाढवून, नाहीतर गालावरचे दाणेच शार्प होतात.

२०२३ पासून लाइटरूममध्ये एआयवालं डीनॉइज आहे. रॉवर उत्तम चालतं, पण पूर्ण शंभरवर नेलं तर नसलेली पापणी काढून देतं. ४०-५० पुरे. फुकटात हवं तर डार्कटेबल, त्यातलं प्रोफाइल्ड डीनॉइज बॉडी ओळखून काम करतं.

पामबीच | शनिवार, रात्री १०.२०

मोबाइलचं: असल्या २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. नेहमीच्या मोडमध्ये तो १६ पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो, म्हणजे पिक्सेल २.४ मायक्रॉनचा झाला. वर पटापट अनेक फोटो काढून एकावर एक बसवतो आणि सरासरी घेतो. स्टेशनच्या पुलावर एका मिनिटाऐवजी दहा मिनिटं मोजल्यासारखं. माणूस हलला तर मात्र हातांना भुतं फुटतात. हॉलमध्ये पूर्ण २०० चा मोड लावून बघा, सगळं गणित उघडं पडेल.

घंटाळी | रविवार, रात्री ८.४०

वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रम होता, आयोजकांच्या परवानगीने काढले. ५० मिमी उसनी. एफ २.२, १/३२०, आयएसओ १६००, रॉ अधिक जेपेग. दाणे जवळपास नाहीत, केस केसांसारखे. पण काही फोटोंत आडवे काळे-पिवळे पट्टे आलेत. लागोपाठच्या दोन फोटोंत पट्ट्यांची जागा वेगळी. सेन्सर?

दाणेदार | रविवार, रात्री ९.०५

सेन्सर ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/३२० ला शटरची फट सेन्सरवरून सरकते, तिच्या वाट्याला कधी चमक येते, कधी अंधार. सायलेंट शटर चालू असेल तर आणखी वाईट, ते आधी बंद करा. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

तरीही दिसले तर १/१००. प्रत्येक पिक्सेलला एक पूर्ण लुकलुक मिळते, पट्टे जातात. कलाकार नाचत असेल तर तो हलेल, तिथे टाळी वाजते तो थांबलेला क्षण पकडा. १/३२० वरून १/१०० म्हणजे दीड स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश, तेव्हा आयएसओ ५०० वर आणायला विसरू नका. काही एलईडी स्पॉट डिम केले की याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. त्यांच्यावर हा उपाय चालत नाही, तिथे शटर थोडं थोडं बदलून स्क्रीनवर पट्टे कधी नाहीसे होतात ते बघायचं, आणि पहिली घंटा व्हायच्या आधीच बघून ठेवायचं.

घंटाळी | रविवार, रात्री ९.१२

सायलेंट शटर चालू होतं.